अर्ध्या बोटाचे अंतर

मांडवीच्या काठी वाढलेल्या माणसास नदीचे भय नसते, असा एक लोकसमज आहे. आम्ही त्यास अपवाद आहोत. ५ जुलै १९८६ रोजी पणजीहून बेतीकडे जाणारा पूल कोसळला, तेव्हा आम्ही सोळा वर्षांचे होतो. त्यानंतर भर पावसात फेरीबोटीच्या कठड्याला धरून, खालच्या गढूळ पाण्याकडे पाहत केलेले प्रवास आठवले की अजून आमच्या पोटात गोळा येतो. म्हणूनच आमच्या दिवंगत थोरल्या बंधूंच्या मुलाने, प्रसादने, जुनी मोटरलाँच विकत घेण्याचे ठरविले, तेव्हा आम्ही मोडता घातला होता. आमच्या वडिलांच्या पिढीने जिला ‘गाझोलिन’ म्हटले असते, अशी ती अठ्ठावीस फुटांची लाँच. पोटात डिझेल इंजिन, त्याच्या पाठीशी गिअरबॉक्स, तेथून निघून तळातून पाण्यात उतरणारा शाफ्ट आणि त्याच्या टोकास पंखा. वहिनींनी आपल्या पाटल्या बँकेत गहाण ठेवल्या. कर्जाला जामीन म्हणून सही आमचीच. मोडता घालणाऱ्यासच अखेर सही करावी लागते, हा आमच्या घरातील जुना शिरस्ता आहे.

आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. प्रसाद नववीत होता तेव्हा त्याच शाळेत आम्ही मराठी शिकवीत होतो. त्याच्या प्रगतिपुस्तकातील ‘वर्गात लक्ष नसते’ हा शेरा आमच्याच हातचा. त्या वर्षी तो नापास झाला आणि पुन्हा शाळेत आला नाही. वहिनींनी त्याबद्दल आम्हांस कधी एका शब्दाने विचारले नाही. ते पुस्तक मात्र अजून त्यांच्या ट्रंकेत आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरातील गोष्ट. पुण्याहून आलेले एक कुटुंब, लहानमोठी नऊ माणसे, सूर्यास्त पाहावयास लाँचवर होते. पाहुण्यांना किल्ल्यांची माहिती सांगण्याच्या निमित्ताने आम्हीही गेलो होतो. परत फिरताना नेरूलच्या खाडीच्या तोंडाशी इंजिनाचा आवाज एकाएकी चढला आणि लाँच मात्र जागची हलेना. ओहोटी लागलेली. काठावरील माडांची जी रांग मागे पडावयाची, ती हळूहळू आमच्या पुढे जाऊ लागली. म्हणजे आम्ही अग्वादच्या दिशेने, समुद्राकडे वाहत होतो.

प्रसादने इंजिन मंद केले. “काका, नांगराजवळ जाऊन बसा. मी सांगितले की सोडा. आणि पाहुण्यांना काही बोलू नका.” एवढेच तो म्हणाला. इंजिन मंद होताच पंख्याने थोडे पाणी धरले. जेथे ओढ कमी त्या काठाच्या कडेकडेने, तो आम्हांस रेइश मागूशच्या पायथ्यावरून बेतीस घेऊन आला. अर्ध्या तासाच्या वाटेस दीड तास लागला. समोर पणजीच्या बाजूस जुगाराची जहाजे दिव्यांनी झगमगत होती. पाहुण्यांनी त्यांची भरपूर छायाचित्रे काढली आणि इतक्या सावकाश फेरी घडविल्याबद्दल आमचे आभार मानले. आमचे हात नांगराच्या दोरावरून सुटले ते धक्क्यास लागल्यावरच.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावरील एका मिस्त्रीने इंजिनाचा आवाज ऐकला आणि निकाल दिला, “सर, क्लच जळला. गिअरबॉक्सच बदला.” हंगाम नुकताच लागलेला. गिअरबॉक्स उतरवावयाचा तर लाँच कैक आठवडे बंद, आणि नव्याची किंमत ऐकून आम्ही मुकाट्याने खाली बसलो. त्या रात्री वहिनींकडे जाऊन, आहे तशीच लाँच विकून टाकावी, असा सल्ला आम्ही देऊन आलो. इंजिन धावते आणि पंखा फिरत नाही, म्हणजे मधला दुवा जळाला, हे आमच्या तर्कशास्त्रास अगदी सरळ वाटत होते.

“आधी बघू या, काका,” प्रसाद म्हणाला.

त्याचे ते बघणे आम्ही पुढे दोन दिवस पाहिले. इंजिनाची किल्ली आमच्या हाती देऊन त्याने प्रथम पाण्यात बुडी मारली. पंख्याला जाळ्याचा तुकडा वा दोर गुंडाळला गेला, किंवा पात्यांवर कालवे माजली, तरी इंजिनास भार होतो. पण तेव्हा इंजिनाचा आवाज दबतो. आपला तर चढला होता, असे तो वर येऊन धापा टाकीत म्हणाला. मग लाँच धक्क्यास पुढूनमागून घट्ट बांधली. खालच्या फळ्या काढून शाफ्टवर चकाकत्या पट्टीचा तुकडा चिकटविला आणि मित्राकडून आणलेले प्रकाशाचे टॅकोमीटर त्यावर रोखले. त्याच्या गिअरबॉक्सचे प्रमाण दोनास एक : इंजिनाचे दोन फेरे, शाफ्टचा एक. इंजिन मिनिटास ७०० फेऱ्यांवर असता शाफ्ट ३५० दाखवीत होता. इंजिन १६०० वर नेले, तेव्हा ८०० व्हावयास हवे होते; आकडा ५०० च्या आसपास घुटमळला आणि खाली येऊ लागला. शाफ्ट आणि त्याचा जोड मात्र एकत्रच फिरत होते. तेव्हा चावी तुटलेली नाही, घसरण गिअरबॉक्सच्या आतच, एवढे ठरले.

म्हणजे मिस्त्रीचेच खरे, असे आम्ही म्हणालो. त्याने उत्तर दिले नाही. इंजिन बंद करून गिअरबॉक्सच्या तेलाची कांडी ओढली. तेल खुणेपर्यंत होते, लाल होते, थोडे काळपट. त्याने ते नाकाशी नेले आणि आमच्याही नेले. जळका वास नव्हता. “कूलर फुटून खारे पाणी शिरले असते, तर हे सोलकढीसारखे दिसले असते,” तो म्हणाला. आयुष्यभर उपमा-उत्प्रेक्षा शिकविलेल्या माणसास इतकी चपखल उपमा क्वचितच सुचली असेल.

मग त्याने आम्हांस सुकाणूपाशी बसविले. “काका, गिअर पुढे टाका. पूर्ण.” आम्ही दांडा शेवटपर्यंत ढकलला. खालून आवाज आला, “पूर्ण ढकला.” “ढकलला आहे,” आम्ही जरा चिडूनच म्हणालो. खाली बराच वेळ शांतता. नंतर त्याने आम्हांस वाकून पाहावयास सांगितले. वरचा दांडा जेथे पोहोचावयाचा तेथे पोहोचला होता. पण केबलच्या दुसऱ्या टोकाशी, गिअरबॉक्सवरील लहान दांडा आपल्या खाचेपासून अर्धे बोट अलीकडेच थांबला होता. केबलला धरून ठेवणारा पट्टा गंजला होता, त्याच्या बोल्टचे भोक घासून लांबट झाले होते, आणि आपण दांडा ढकलला की केबलच पट्ट्यासह मागे सरत होती. दांडा खाचेत बसला नाही, तर आतली झडप अर्धवट उघडते, क्लचच्या तबकड्यांना आवळणारा तेलाचा दाब अपुरा पडतो, आणि भार वाढला की त्या घसरतात. मंद गतीत भार थोडा, म्हणून त्या रात्री आम्ही घरी पोहोचलो.

त्याने केबल सोडविली, लहान दांडा हाताने खाचेत बसविला आणि इंजिन पुन्हा १६०० वर नेले. टॅकोमीटरने ८०० दाखविले. दाबमापक लावून पाहिले. तोही योग्य होता.

नवा पट्टा स्टेनलेस पोलादाचा करून घेतला. पुढे, मागे आणि मध्ये, तिन्ही ठिकाणी दांडा खाचेत टक् करून बसतो ना, हे पाहून केबल जुळविली. तेल बदलले, गाळणी धुतली. तिच्यात काळी भुकटी सापडली, तुकडे नव्हते. थोडी झीज झालीच असणार, पण हा हंगाम बेताने चालवू, पावसाळ्यात उघडू, असे प्रसादने ठरविले. मिस्त्रीस राग आला असावा. तो आमच्याशी अजून तुटकच बोलतो.

जूनमध्ये लाँच वर ओढल्यावर गिअरबॉक्स उघडला. वहिनी चहा घेऊन आल्या, तेव्हा तबकड्या जुन्या वर्तमानपत्रावर मांडलेल्या होत्या. त्यांतील दोन घासून आरशासारख्या झाल्या होत्या. वहिनींनी एक उचलून उजेडात धरली, तिच्यावरून बोट फिरविले. “ही एवढी गुळगुळीत कशाने झाली?” त्यांनी आम्हांस विचारले.

“तिला पुरता दाब मिळत नव्हता,” आम्ही म्हणालो. “दोष वरच्या पट्ट्याचा होता. आम्ही तुम्हांस भलतेच सांगितले होते, वहिनी.”

प्रसादने मान वर केली नाही. नव्या तबकड्या त्याने तेलात भिजत घातल्या होत्या; त्या तो एक एक करून मोजीत होता.