वलगण

मासे धरण्याच्या छंदावर इंग्रजी वाङ्मयात विपुल लेखन झाले आहे. आयझॅक वॉल्टनचा ग्रंथ १६५३ साली निघाला, आणि रसिक तो अद्यापि आवडीने वाचतात. आमच्या बदलापुराजवळच्या सोनिवलीत या विषयावर कोणी ग्रंथ लिहिलेला नाही. शास्त्र मात्र आहे, आणि त्याचा पहिला पाठ ‘वलगण’ या एका शब्दात सामावला आहे.

मृगाच्या सरी कोसळून ओढे वाहू लागले आणि उल्हास नदीचे पाणी तांबूस झाले, की मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. ओढ्यांतून थेट भातखाचरांच्या बांधापर्यंत येतात. तेथले उथळ, नवे पाणी अंडी घालण्यास सोयीचे. हीच वलगण. त्या रात्री पाऊस उघडण्याची वाट कोणी पाहत नाही. जाळी आणि बत्त्या घेऊन सारा गाव पाण्यात उतरतो.

शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांबरोबर मीही एकदा गेलो होतो. टोपलीतील फुगीर पोटाच्या माशांकडे मी पाहत राहिलो, तेव्हा ते हसून म्हणाले, “मास्तर, गाबोळीशिवाय वलगणीच्या माशाला चव ती काय!” चवीविषयी वाद घालण्याचा मला अधिकार नाही. परंतु ज्या गाबोळीतून उद्याची नदी भरावयाची, तीच आपण त्या रात्री कालवणात घालतो, हा विचार काही केल्या सुटेना.

पूर्वी धरणारे हात थोडे होते आणि नदी मोकळी होती. १९७२ साली बारवी नदीवर धरण झाले. त्याने आमच्या नळांना आणि कारखान्यांना पाणी दिले. पण वर चढणाऱ्या माशाला ती भिंत म्हणजे जगाचा शेवटच. त्यात वस्तीचे व कारखान्यांचे सांडपाणी नदीला मिळाले. अशा स्थितीत जुनीच रीत तितकीच निरुपद्रवी राहील असे कसे मानावे?

अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील ईरी सरोवरात वॉलाय आणि पिवळा पर्च हे मासे किती धरावयाचे, याची मर्यादा दरवर्षी ठरते. इतके दूर जावयासही नको. आपला कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला विसावा देत आला आहे. समुद्राच्या वाट्याला आलेला हा संयम नदीच्या वाट्याला मात्र आला नाही.

तथापि, वलगण बंद करा असे पगारी प्राध्यापकाने म्हणणे सोपे आहे. ज्याच्या घरी विकतचा मासा क्वचितच येतो, त्याची ती वर्षातील फुकटची मेजवानी असते. म्हणून मागणे एवढेच, की चढणारा मासा जाऊ द्यावा आणि पाणी ओसरताना बांधाच्या तोंडाशी उतरणारा धरावा. मेजवानी काही आठवडे लांबेल खरी. पण नातवंडांनाही वलगण हा शब्द कोशात शोधावा लागणार नाही.