एक प्रमाणपत्र, अनेक पगार : चंद्रपूर-गडचिरोलीतील तंत्रज्ञांचा श्रमबाजार

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांची ओळख महाराष्ट्राच्या मनात ताडोबाचे वाघ, सागवान, बांबू आणि तेंदूपत्ता अशी ठसलेली असली, तरी या वनपट्ट्याच्या पश्चिम कडेला, वर्धा नदीच्या खोऱ्यात, जड यंत्रसामग्रीची दाट वस्ती आहे. आणि ती यंत्रे चालू ठेवणाऱ्या माणसाचा मोबदला नेमका कशावर ठरतो, हा प्रश्न कौशल्यविकासाच्या चर्चेत क्वचितच विचारला जातो. चर्चा होते ती प्रशिक्षण किती जणांना दिले याची. त्या प्रशिक्षणाला बाजार काय भाव देतो, हे गृहीत धरले जाते, आणि ते गृहीतक या दोन जिल्ह्यांपुरते तरी टिकत नाही.

या प्रदेशाचा औद्योगिक इतिहास जुना आहे. वरोऱ्याला एकोणिसाव्या शतकातच सरकारी कोळसा खाण सुरू झाली होती, बल्लारपूरचा कागद कारखाना १९४५ सालचा, भद्रावतीची आयुध निर्माणी साठच्या दशकातली. कोळशाच्या राष्ट्रीयीकरणानंतर वेस्टर्न कोलफील्ड्स, म्हणजे स्थानिक वृत्तपत्रांच्या भाषेत ‘वेकोलि’, हा येथील सर्वांत मोठ्या मालकांपैकी एक झाला. ऐंशीच्या दशकात ऊर्जानगरचे महाऔष्णिक वीज केंद्र उभे राहिले, ज्याची आजची स्थापित क्षमता २,९२० मेगावॅट आहे. आणि कोरपना-राजुरा भागातील चुनखडीच्या आधाराने आवारपूर, गडचांदूर, उपरवाही येथे आणि तिकडे घुग्गुसला सिमेंटचे कारखाने आले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याच्या वाट्याला मात्र यांतले जवळजवळ काहीच आले नाही. वडसा सोडले तर त्याला रेल्वेही नव्हती.

या पट्ट्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून दोन वर्षांचा वीजतंत्री व्यवसाय पूर्ण केलेला एक तरुण गृहीत धरावा. वेकोलिच्या २०२४ मधील जाहिरातीप्रमाणे तो शिकाऊ उमेदवार म्हणून लागला असता, तर त्याला दरमहा ८,०५० रुपये विद्यावेतन मिळाले असते. राज्य सरकारच्या २०२४ मधील मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआयधारकासाठी ८,००० रुपये ठेवले गेले. महावितरणच्या ५,३४७ विद्युत सहायकांच्या भरतीत त्याची निवड झाली असेल, तर पहिल्या वर्षी १५,०००, दुसऱ्या वर्षी १६,००० आणि तिसऱ्या वर्षी १७,००० रुपये असे एकत्रित मानधन त्याच्या हाती येते. आणि महानिर्मितीने २०२४ च्या अखेरीस काढलेल्या तंत्रज्ञ-३ च्या ८०० पदांपैकी एक त्याला मिळाले, तर त्याचे मूळ वेतनच ३४,५५५ रुपयांपासून सुरू होते, भत्ते वेगळे. प्रमाणपत्र तेच आणि हातातला टेस्टरही तोच असताना मोबदल्यात चौपटीहून अधिक अंतर पडते. शिकाऊ उमेदवारी हा शिक्षणाचाच टप्पा आहे, त्यामुळे तिचे विद्यावेतन पगाराशी तोलू नये, हा आक्षेप तत्त्वतः बरोबर आहे. परंतु एका आस्थापनेतील उमेदवारी संपली की दुसऱ्या योजनेत नाव नोंदवायचे, ती संपली की ठेकेदाराकडे जायचे, असा क्रम ज्यांच्या वयाची पंचविशी ओलांडेपर्यंत चालतो, त्यांच्यासाठी हा टप्पा हाच रोजगार झालेला असतो.

हे अंतर कौशल्याने पडत नसून माणसाचे नाव कोणत्या हजेरीपटावर आहे, यावरून पडते. कोळसा खाणीतील कायम कामगाराचा पगार राष्ट्रीय कोळसा वेतन करारातून येतो. हा करार कामगार संघटना आणि कोल इंडिया यांच्यात ठरावीक काळाने होतो, आणि १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या अकराव्या करारात १९ टक्के किमान लाभाची हमी होती. त्याच खाणीत ठेकेदारामार्फत आलेल्या कामगारासाठी कोळसा उद्योगाच्या उच्चाधिकार समितीने ठरवलेले वेगळे दर आहेत, ज्यांना तेथे सगळे ‘एचपीसी रेट’ म्हणतात. सिमेंट किंवा स्पंज आयर्न कारखान्याच्या फाटकातून आत जाणाऱ्या ठेका कामगाराला बहुतेक वेळा किमान वेतनाच्या तक्त्याचाच आधार असतो, आणि त्या तक्त्याला अकुशल, अर्धकुशल, कुशल अशा दोन-तीन पायऱ्यांपलीकडे काही दिसत नाही.

हजेरीपटावर नाव चढण्याचा मार्गही अनेकदा कौशल्याचा नसतो. कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणात दोन एकर जमिनीमागे एक नोकरी हे सूत्र आहे, त्यामुळे चंद्रपूर तालुक्यापासून राजुऱ्यापर्यंतच्या गावांत सातबारा हा नोकरीचा सर्वांत भरवशाचा दाखला ठरला. जमीन गेलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचे शेत एकरकमी पैशात बसत नाही. परंतु त्याचा श्रमबाजारावर झालेला परिणाम असा, की गावात ज्याच्याकडे सातबारा आहे त्याला आयटीआयची फारशी गरज उरत नाही आणि ज्याच्याकडे आयटीआय आहे त्याला सातबाऱ्याअभावी तोच पगार मिळत नाही.

या पार्श्वभूमीवर मेकॅट्रॉनिक्स या नव्या व्यवसायाकडे पाहावे लागते. यांत्रिकी, वीज, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकीय नियंत्रण ही चार अंगे एकाच यंत्रात एकवटतात तेव्हा त्या यंत्राचा एकत्रित विचार करणारी ही विद्याशाखा आहे. जपानमधील यास्कावा कंपनीत १९६९ च्या सुमारास तिचे नामकरण झाले, आणि आज आयटीआयच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात ‘टेक्निशियन मेकॅट्रॉनिक्स’ हा दोन वर्षांचा व्यवसाय आहे. चाकण किंवा रांजणगावच्या वाहन उद्योगात रोबो आणि जुळणी-रांगा असल्याने त्याची गरज समजावून सांगावी लागत नाही. कोळसा आणि सिमेंटच्या प्रदेशात मात्र हे शहरी कारखान्यांचे काम आहे, असा समज आहे. तो का चुकीचा आहे, हे कोळसा वाहून नेणाऱ्या साध्या कन्व्हेयर पट्ट्यावरून दिसते.

पट्टा घसरत तर नाही ना, हे कळण्यासाठी त्याच्या मागच्या टोकाच्या पुलीच्या दांड्यावर एक लहान लोखंडी पट्टी बसवलेली असते आणि तिच्यासमोर काही मिलिमीटरांवर प्रॉक्सिमिटी सेन्सर, म्हणजे स्पर्श न करता धातूची जवळीक ओळखणारे उपकरण असते. दर फेऱ्याला ती पट्टी सेन्सरसमोरून गेली की एक विद्युत स्पंद पीएलसीकडे, म्हणजे यंत्रांचा क्रम सांभाळणाऱ्या औद्योगिक संगणकाकडे, जातो. पुलीचे बेअरिंग झिजले की दांडा किंचित डगमगू लागतो, मधले अंतर वाढते, स्पंद अधूनमधून चुकतात आणि पट्टा घसरला असे समजून पीएलसी तो थांबवते. नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर ‘झिरो स्पीड’ असा इशारा येतो. इलेक्ट्रिकलचा माणूस मोटार पाहतो, ती ठीक असते. इन्स्ट्रुमेंटचा माणूस सेन्सर बदलतो, बदलताना अंतर पुन्हा नीट लागते, पट्टा सुरू होतो आणि नोंदवहीत ‘सेन्सर फॉल्टी’ असे लिहिले जाते. पुढच्या पाळीत तो पुन्हा ट्रिप होतो. फिटरला, म्हणजे जोडाऱ्याला, कोणी बोलावतच नाही, कारण कागदावर बिघाड विजेचा असतो. आणि ही तिन्ही माणसे तीन वेगळ्या ठेकेदारांची असतील, तर दुसऱ्याच्या कामात बोट घालण्याचे कारण कोणालाच नसते. शेवटी कोणीतरी सेन्सरला ‘बायपास मारतो’, म्हणजे तारेचा तुकडा लावून पीएलसीला सर्व ठीक असल्याचे भासवतो, आणि मग एखाद्या दिवशी पट्टा खरोखरच अडकून चालक पुलीवर घासत राहिला, तर कोळशाच्या भुकटीत आग लागायला तेवढे घर्षण पुरते.

दांडा हाताने हलवून पाहणारा, सेन्सरचे अंतर मोजणारा आणि पीएलसीतील स्पंदांची नोंद वाचणारा माणूस एकच असेल, तर हे काम एका पाळीत संपते. मेकॅट्रॉनिक्स तंत्रज्ञाची या प्रदेशातील गरज ही अशी आहे. ती रोबोसाठी नसून तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या यंत्रांवर बसवलेल्या नव्या नियंत्रणांसाठी आहे. पण या माणसाला वेगळा भाव मिळतो का? बहुधा नाही. ठेक्याच्या मनुष्यबळ-तक्त्यात तो ‘कुशल’ या रकान्यात बसतो, आणि त्याच रकान्यात केवळ केबल टाकणाराही बसतो.

याउलट एक उदाहरण कोळसा खाणीतच आहे. मायनिंग सरदार आणि ओव्हरमन ही पदे खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या सक्षमता प्रमाणपत्राशिवाय भरता येत नाहीत, आणि ती व्यक्ती हजर नसेल तर पाळी कायदेशीरपणे चालवता येत नाही. लोहखनिजाच्या खाणीत मेट आणि फोरमन यांचे स्थान तसेच आहे, विजेच्या कामात परवानाधारक पर्यवेक्षकाचे तसेच. या प्रमाणपत्रांना बाजारात भाव आहे, तो त्यांच्यामागच्या कायद्यामुळे. कौशल्य किती सूक्ष्म आहे, याचा त्या भावाशी संबंध दुय्यम आहे. दहावीनंतर काय करावे असे विचारणाऱ्या बल्लारपूर-घुग्गुसच्या मुलांना घरचे लोक सरदारकीची परीक्षा सुचवतात, तेव्हा त्यांचे बाजाराचे आकलन अनेक समुपदेशकांपेक्षा पक्के असते.

गडचिरोलीचे चित्र गेल्या काही वर्षांत बदलले आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखनिजाचा खाणपट्टा २००७ मधला. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तेथे खनिज वाहतुकीची वाहने मोठ्या संख्येने जाळली, आणि २०२१ नंतरच उत्खनन सलगपणे सुरू झाले. खनिज घेऊन आलापल्ली-आष्टी मार्गाने जाणाऱ्या ट्रकांच्या रांगांनी रस्ते उखडले, अपघात वाढले, लोकांचा रोष झाला. पण त्याच ट्रकांनी चालक, क्लीनर, टायर-पंक्चरवाले आणि ढाबेवाले यांचा एक रोजगारही उभा केला. जुलै २०२५ मध्ये सुरजागडजवळील हेडरी ते चामोर्शी तालुक्यातील कोनसरी या ८५ किलोमीटरच्या स्लरी पाइपलाइनचे उद्घाटन झाले. स्लरी म्हणजे खनिज बारीक दळून पाण्यात कालवलेला लगदा, जो उच्च दाबाच्या पंपांनी नळातून ढकलला जातो. नळातील वेग फार कमी झाला तर भुकटी तळाशी बसून नळ तुंबतो, फार वाढला तर आतला पृष्ठभाग झिजतो, म्हणून घनता, दाब आणि प्रवाह यांचे मापन अखंड चालू ठेवावे लागते.

रोजगाराच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ सरळ आहे : रस्त्यावरच्या चालकांचे काम कमी होऊन ते नियंत्रण कक्षातील, पंपगृहातील आणि मापन-उपकरणांच्या देखभालीतील थोड्या माणसांकडे जाणार. संख्या घटेल, दर्जा वाढेल. आणि ही थोडी माणसे एटापल्ली-अहेरीची असतील की नागपूर, रायपूर वा हैदराबादहून येतील, हे येत्या पाच वर्षांत ठरेल. स्थानिकांना मिळणाऱ्या मोबदल्याबाबत येथे आणखी एक गोष्ट काम करते. अर्थशास्त्रात ज्याला राखीव वेतन म्हणतात, म्हणजे ज्याहून कमी मिळाले तर माणूस कामाला नकार देईल तो आकडा, तो दुसरे काम कोणते उपलब्ध आहे यावर ठरतो. ज्या भागातून कुटुंबेच्या कुटुंबे दर हंगामात तेलंगणात मिरची तोडायला जातात, तेथे हा आकडा खाली असणारच, आणि मनुष्यबळ पुरवणाऱ्याला तो बरोबर ठाऊक असतो. मुलगा कारखान्यात लागला आणि रोज संध्याकाळी घरी परतू लागला, एवढ्यावर घर समाधानी होते. त्याची पायरी कोणती, हा प्रश्न मागे पडतो.

प्रशिक्षणाच्या सोयी अगदीच नाहीत असे नाही. तालुक्यातालुक्यांत शासकीय आयटीआय आहेत, दोन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी तंत्रनिकेतने आहेत, चंद्रपूरला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासून आहे आणि गडचिरोलीला २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ. परंतु प्रयोगशाळेतील चकचकीत प्रशिक्षण-संचावर, वातानुकूलित खोलीत, शिकलेला विद्यार्थी कोळशाच्या धुळीने माखलेल्या पॅनेलसमोर पहिल्यांदा उभा राहतो तेव्हा त्याला ड्रॉइंग आणि प्रत्यक्ष वायरिंग यांतली तफावत गोंधळात टाकते, कारण जुन्या कारखान्यांत दर दुरुस्तीने वायरिंग बदललेले असते आणि ड्रॉइंग तसेच राहिलेले असते. हे शिकवायचे तर बंद पडलेली जुनी यंत्रे संस्थेत आणावी लागतील. ती या जिल्ह्यांत भंगारात मुबलक आहेत.

मोठ्या कारखान्यांच्या फाटकाबाहेर मात्र एक लहान बाजार आहे, जिथे हजेरीपटाचा नियम चालत नाही. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी हा सारा धानाचा पट्टा आणि राइस मिलांचा मुलूख आहे. बहुतेक बऱ्या मिलांत आता ‘सॉर्टेक्स’ असते : तांदूळ तिरप्या नाळीतून पातळ थराने खाली पडत असताना कॅमेरा काळा वा पिवळा दाणा टिपतो आणि पुढच्याच क्षणी एक सूक्ष्म झडप दाबाखालच्या हवेचा फटका मारून नेमका तो दाणा बाजूला उडवते. कॅमेऱ्याची काच धुळीने धूसर झाली, हवेत ओलावा आला किंवा झडप उशिरा उघडू लागली, की चांगला तांदूळ टाकाऊ मालात जातो आणि खराब दाणा पोत्यात. दिवाळीनंतर धान येऊ लागले की मिल रात्रंदिवस चालते, आणि अशा वेळी बाहेरगावच्या माणसाची दोन दिवस वाट पाहणे मालकाला परवडत नाही. तासाभरात पोहोचणारा, कॉम्प्रेसरपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळे पाहू शकणारा तंत्रज्ञ तेथे आपला दर स्वतः सांगू शकतो, आणि मालक त्याचे प्रमाणपत्र न मागता त्याचा मोबाइल क्रमांक भिंतीवर खडूने लिहून ठेवतो. सौर कृषिपंपांच्या नियंत्रकांची दुरुस्ती हा असाच दुसरा बाजार वाढतो आहे, जरी त्यात हमीच्या काळात पुरवठादार कंपनीचाच माणूस यावा लागतो.

मोठ्या उद्योगांतही असा भाव मिळायचा असेल, तर त्याची जागा अभ्यासक्रमात कमी आणि निविदेत अधिक आहे. वार्षिक देखभालीच्या निविदेसोबत मनुष्यबळाचा जो तक्ता जोडलेला असतो, त्यात फिटर किती, वीजतंत्री किती, मदतनीस किती, असे रकाने वर्षानुवर्षे तसेच उतरवले जातात. त्यात बहुकुशल तंत्रज्ञाचा स्वतंत्र रकाना, त्याची अर्हता आणि ‘कुशल’पेक्षा वरचा दर लिहून आला, तर ठेकेदाराला तो माणूस शोधावाच लागेल, आणि न मिळाल्यास जवळच्या आयटीआयच्या दारात उभे राहावे लागेल. ही दुरुस्ती करायला नवा कायदा लागत नाही. ती कारखान्याच्या देखभाल विभागप्रमुखाच्या आणि खरेदी विभागाच्या अधिकारातली आहे.