प्रेषित कोण ठरवतं?

मानसरोवर, जयपूर

प्रिय ताई,



तू पाठवलेला फ्लेक्सचा फोटो पाहिला. नावाआधी ठसठशीत ‘अपॉसल’, खाली देणगीसाठी क्यूआर कोड! ‘याला प्रेषित केलं कुणी?’ असं तू विचारतेस. पहिल्या मंडळीलाही हा प्रश्न छळतच होता.

बारा प्रेषितांतली यहूदाची जागा रिकामी झाली तेव्हा पेत्रानं अट घातली: बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभू येशू वर घेतला जाईपर्यंत जो आपल्याबरोबर वावरला, त्यालाच घ्यायचं. अटीत बसणारे दोघं पुढे केले, बर्सबा आणि मत्थिया. प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या, मत्थिया निघाला. नव्या करारात त्याचं नाव पुन्हा कुठे येत नाही. पुढे हेरोद राजानं बारांपैकीच याकोब, म्हणजे प्रेषित योहानाचा भाऊ, याला तलवारीनं मारलं, तेव्हा तर त्याच्या जागी कुणाला निवडल्याची नोंदच नाही. एक गेला की दुसरा बसवायचा, असलं ते पद नव्हतंच.

पौल तर या अटीत मुळीच बसत नव्हता. येशूबरोबर हिंडणं दूरच, त्यानं मंडळीचा छळ केलेला. दिमिष्काच्या वाटेवर प्रभू दिसला म्हणतो, पण असं कुणीही म्हणेल. करिंथात त्याच्यावर शंका घेतली गेली तेव्हा त्यानं शिफारसपत्र काढलं नाही. माझ्या प्रेषितपणाचा शिक्का तुम्हीच, असं उलट त्यांनाच सुनावलं. यरुशलेमेत येशूचा भाऊ याकोब, केफा म्हणजे पेत्र आणि योहान यांनी त्याला आपला मानून उजवा हात दिला, तोही त्याचं काम पाहून. मला विचारशील तर चिठ्ठीपेक्षा कामाची ही परीक्षा कडक.

आपल्या ख्रिस्ती कवी टिळकांचंच बघ. 1895 मध्ये नारायण वामनांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनीसुद्धा त्यांना लगेच मानलं नाही. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा पाच वर्षांनी झाला. 1917 मध्ये मिशनचं काम सोडून टिळक संन्यासी झाले, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथं जागा होती. दोनच वर्षांत, 1919 मध्ये, ते गेले. दरबाराला त्यांच्या तोडीचा वारस मिळाला नाही. पण इथं मानसरोवरात आम्ही चार मराठी घरं फ्लॅटमध्ये पेटी घेऊन बसलो, की पहिलं भजन टिळकांचंच निघतं. कुणी सांगावं लागत नाही.

तुझ्या त्या फ्लेक्सवरच्या पाहुण्यासाठी मात्र एक जुना नियम आहे. 1873 मध्ये इस्तंबूलला ‘दिदाखे’ नावाच्या फार जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेची हस्तलिखित प्रत सापडली. तिच्यात लिहिलंय: दारी आलेल्या प्रेषिताचं प्रभूसारखं स्वागत करा. एक दिवस राहू दे, गरज असेल तर दोन. तिसऱ्या दिवशीही मुक्काम ठोकला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्या. पैसे मागितले तरी खोटाच.

तेव्हा तो घरी आला तर पोटभर जेवू घाल. क्यूआर कोडकडे मोबाइल मात्र नेऊ नकोस.

तुझा,
भाऊ