आडात नाही तर

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिन वाचताना माझी पाठ सोडत नाही. आपण ती बहुधा दुसऱ्याची अक्कल काढायला वापरतो. प्लेटोनं ‘मेनो’ या संवादात जवळपास हाच विचार शब्दशः खरा धरला. सॉक्रेटिस एका अडाणी गुलाम पोराला चौरस दुप्पट करायला लावतो, नुसते प्रश्न विचारत. पोर दोनदा चुकतं, मग कर्णावरचा चौरस ओळखतं. (कर्ण सॉक्रेटिसच आखतो, पण असो.) शिकवलं कुणीच नाही, म्हणजे पाणी आडात होतंच, जन्माआधीपासून. शिकणं म्हणजे आठवणं.

जवळजवळ आठशे वर्षांनी ऑगस्टिनला हे पटेना. शाळेत ग्रीकचा तिटकारा असलेला हा माणूस. त्याच्या हाती लागली ती प्लेटोवाद्यांची लॅटिन भाषांतरं. त्यांनीच आपल्याला स्वतःच्या आत वळवलं, हे तो ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनात कबूल करतो. पण ‘डी ट्रिनिटाटे’ या ग्रंथात त्याचा आक्षेप असा: भूमिती अशी कुणाकडूनही वदवून घेता येते, आणि गेल्या जन्मी सगळे काही भूमितितज्ज्ञ नसणार. मुळात असतात ते किती!

हसू येतं, आणि तरी मी इथेच अडकतो. एकाच गेल्या जन्माचा हिशेब का मांडावा? आपल्याकडे चौऱ्याऐंशी लक्ष योनींची भाषा आहे. तेवढ्यात एखादा जन्म भूमितीला सहज मिळेल. प्लेटोचा आत्माही पुन्हापुन्हा जन्मून सगळं पाहून आलेला आहे. मग डोकी मोजून काय साधलं?

ऑगस्टिनचं उत्तर उजेडाचं. डोळे उन्हात वस्तू पाहतात, तसं मन ईश्वरी प्रकाशात सत्य पाहतं; आधीचा साठा लागत नाही. तरुणपणी तो स्वतः आठवणीच्या बाजूला झुकला होता. म्हातारपणी जुनी पुस्तकं तपासताना त्यानं ते दुरुस्त केलं. मात्र तो प्रकाश प्रत्येकाच्या आत कायमचा हजर असेल, तर साठ्यापेक्षा तो कितपत वेगळा?

हे सोडवायला त्याचं ‘डी मॅजिस्ट्रो’ (‘गुरूविषयी’) उघडावं, तर भलतंच काही समोर येतं. इ.स. ३८९च्या सुमाराच्या या संवादात ऑगस्टिनसमोर त्याचा मुलगा अदेओदातुस आहे, सोळा वर्षांचा. माणूस माणसाला शिकवत नाही, शब्द फक्त सुचवतात, शिकवणारा आत बसलेला ख्रिस्त, असा निष्कर्ष निघतो. शेवटी मुलगा म्हणतो, तुमच्या शब्दांनी सुचवलं म्हणूनच हे मला कळलं. बापलेकांपैकी कुणी हसलं असेल का?

मुलगा लवकरच वारला. पुढे ‘कन्फेशन्स’मध्ये बाप आवर्जून नोंदवतो की त्या पुस्तकात मुलाच्या तोंडी असलेले सगळे विचार त्याचेच होते. सत्य जर आतल्या गुरूचं, तर ‘त्याचेच’ म्हणजे कुणाचे? बापाची माया म्हणून हे सोडून देता येईल. पण मग त्या पोराचं स्वतःचं असं काहीतरी होतं, हे मानावं लागतं, आणि ते त्याला कुठून मिळालं याला प्लेटोकडे निदान एक उत्तर तरी आहे.