मानी बाडस

भोपाळची सगळी ऐट बड्या तलावाची. अकराव्या शतकात राजा भोजाने बांधलेलं हे तळं पाहिलं की मासा म्हणजे तळ्यातलाच, असं वाटू लागतं. पण मध्य प्रदेशाने २०११ साली राज्यमासा निवडला तो इथून सत्तरेक किलोमीटरवर वाहणाऱ्या नर्मदेतला. महासीर. नर्मदेकाठचे मच्छीमार त्याला बाडस म्हणतात. महाराष्ट्रातली खडशी त्याची चुलत बहीण. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या खडशीचं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हा ‘खुद्री’ हे तिथलंच नाव तिच्या शास्त्रीय नावाला कायमचं चिकटलं.

बाडस अंगाने भरलेला. खवले इतके मोठे की एकेक मोजून घ्यावा, त्यांवर सोन्याची झाक, पर तांबूस. ओठ जाड, तोंडापाशी चार मिशा. जबड्यात दात नाहीत, ते घशात. शेवाळ, पाण्यात पडलेली फळं, किडे, शिंपले, समोर येईल ते खातो. खाण्यापिण्याचे नखरे नाहीत. हट्ट एकच, पाणी वाहतं हवं.

आणि तो हट्ट लाडाचा नाही, पोटच्या पोरांसाठीचा आहे. पावसाने नदी फुगली की बाडस प्रवाहाच्या उलट निघतो. खडकांमधून, खळाळांवरून वर चढत जातो आणि गोट्यांच्या उथळ तळावर मादी अंडी घालते. पिवळसर अंडी गोट्यांच्या फटीत उतरतात. वरून खेळतं पाणी त्यांना प्राणवायू पुरवतं. गाळ बसला की अंडी गुदमरतात. बाहेर आलेली पिल्लं उजेडाला भितात; डोकं दगडाच्या सांदीत खुपसून एकमेकांना बिलगून पडून राहतात. एवढा दांडगा मासा, आणि त्याचं बालपण असं दगडाच्या आडोशाने जगणारं! मला बाडसाचं हे रूप सोनेरी खवल्यांहून जवळचं वाटतं.

१९६०च्या दशकात होशंगाबादच्या परिसरात नर्मदेतल्या मासेमारीत सुमारे पाव हिस्सा महासीरचा असे. पुढे १९९०मध्ये बरगी धरण झालं, मग इंदिरा सागर, ओंकारेश्वर. १३१२ किलोमीटरची नदी जागोजागी जलाशय झाली. कटला-रोहू या माशांना असं साचलेलं पाणी मानवतं. बाडसाला ते घर वाटत नाही. त्यात वाळूउपसा करणारे तळातले गोटेही ओरबाडतात. राज्यमाशाचा मान देऊन त्याचा पाळणाच उचलून नेला, तर त्या मानाचं त्याने काय करायचं?

महाराष्ट्रात लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात गेली कित्येक दशकं महासीरची पिल्लं वाढवतात. ते काम मोलाचं आहे. पण पिल्लाला शेवटी नदीच लागते.

भोपाळच्या नळाला आज नर्मदेचं पाणी येतं. हे पाणी बाडसाच्या घरातलं आहे. माशांच्या विणीच्या काळात, १६ जून ते १५ ऑगस्ट, मध्य प्रदेशात नद्यांतल्या मासेमारीला बंदी असते. निदान तेवढे दोन महिने नदीतला मासा विकत घेऊ नका.