मुलांच्या हाती पहिले पाकपुस्तक

माझा नातू पुढील वर्षी शिक्षणासाठी पुण्यास जाणार आहे. चार मित्र मिळून खोली घेणार. त्यांत जैन हा एकटाच. खाणावळीच्या भाजीत कांदा, लसूण, बटाटा यांपैकी काहीतरी असणारच, आणि डबा बहुधा सूर्यास्तानंतर येणार. चौविहार सांभाळायचा तर स्वतःला रांधता आले पाहिजे. आपल्या व्यापारी घरांत मुलगा दहाव्या वर्षी गल्ल्याजवळ बसू लागतो, पण चूल त्याला पंचविशीतही परकीच असते. त्याच्यासोबत दहा वर्षांची नातही शिकू लागली आणि दोघांसाठी पुस्तक निवडण्याचे काम माझ्याकडे आले.

दुकानात जैन पाककृतींची पुस्तके पाहिली. बरीचशी पनीर, चीज आणि मैद्याने भरलेली. कांदा वगळला की पदार्थ जैन झाला, अशी त्यांची समजूत असावी. मुलांसाठीच्या रंगीत पुस्तकांत ‘आवश्यकतेनुसार पाणी’ हे शब्द जागोजागी. ज्याला आवश्यकताच ठाऊक नाही, त्याने काय करावे? बँकेच्या खतावणीत ‘आवश्यकतेनुसार रक्कम’ लिहून मला कोणी सोडले नसते.

अखेर कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ घेतले. १९७० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाचा मोठा गुण असा, की त्यातील मापे वाटी-चमच्याची आहेत. घरातील एक वाटी आम्ही मापासाठी निराळी काढून ठेवली. वाट्या बदलत राहिल्या तर प्रमाणाला अर्थ उरत नाही.

अर्थात ते पुस्तक ना लहान मुलांसाठी लिहिलेले, ना जैनांसाठी. ती उणीव सौभाग्यवतींनी पेन्सिलीने समासात भरून काढली. बटाट्याच्या जागी कच्ची केळी, ओल्या आल्याच्या जागी सुंठ, कांदा-लसूण गाळून हिंग थोडा अधिक. कढीपाशी मात्र समास अपुरा पडला. सर्वसाधारण रीत अशी, की ताकात बेसन कालवायचे आणि मग ते आचेवर ठेवायचे. आपल्याकडे ताक आधी चांगले तापवावे, ते फुटू नये म्हणून सारखे ढवळावे आणि मग पाण्यात कालवलेले बेसन त्यात सोडावे. नातवाने कारण विचारले. द्विदळ हा शब्द त्याने पाठशाळेत पाठ केला होता. न तापवलेले ताक आणि डाळीचे पीठ एकत्र करावयाचे नाही, हा त्याचा व्यवहारातील अर्थ त्याला पातेल्यापाशी उमगला. नातीने ती टीप स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहून घेतली.

डिसेंबरात पुण्यास सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. वर्ग पाचला सुटला तर हाती तासभर उरतो. मुगाच्या डाळीची खिचडी चाळीस मिनिटांत ताटात येते, हे नातवाने घड्याळ लावून पाहिले आहे. कुकर घासण्याचा वेळ त्यात धरलेला नाही, हे नातीने निदर्शनास आणले.