शोधणे आणि बदलणे

मराठीच्या प्राध्यापकाने संगणकाच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टंकित करीत बसावे, हे पुष्कळांना विसंगत वाटते. मला ते तसे वाटत नाही. माउसने आपण वस्तूकडे बोट दाखवतो. आज्ञेत मात्र काय करायचे ते सांगावे लागते. आधी क्रियापद, मग ती क्रिया कशी करायची हे सांगणारे क्रियाविशेषण, शेवटी कर्म. हा आज्ञार्थ मराठीच्या माणसाला परका वाटण्याचे कारण नाही. शिवाय अशा चार आज्ञा एका फायलीत लिहून ठेवल्या की त्यांची संहिता होते. ती दुसऱ्याला वाचता येते, तिच्यात चूक दाखवता येते आणि तिच्यावर वादही घालता येतो. हा शेवटचा गुण किती मोलाचा, ते आमच्या विभागातल्या एका कामाने दाखवून दिले.

विश्रांतवाडी, धानोरी, कळस, लोहगाव या परिसरात आमचे विद्यार्थी अनेक वर्षे बोलीचे संकलन करीत आले. ओव्या, म्हणी, वाक्प्रचार, वृद्धांच्या आठवणी असा तो ऐवज आहे. त्यातला जुना भाग त्या काळच्या फॉन्टांत टंकित झालेला. या फॉन्टांची युक्ती अशी होती, की रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवायचे. फॉन्ट संगणकावर आहे तोवर मजकूर मराठी दिसतो. तो गेला की त्याच फायलीत रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक गर्दी उरते. अक्षर न् अक्षर शाबूत, पण वाचता येत नाही, अशी ही अवस्था.

त्यावर उपाय ‘सेड’ या जुन्या आज्ञेचा. ‘या खुणेच्या जागी ती खूण’ असे नियम ओळीने लिहायचे आणि सर्व फायलींवरून फिरवायचे. पण नियमांचा क्रम चुकवून चालत नाही. अशा पुष्कळ फॉन्टांत ‘ख’ हे अर्धा ‘ख्’ आणि एक उभा दंड अशा दोन खुणांनी बनते आणि तोच दंड कान्याचेही काम करतो. म्हणून जोडीचा नियम आधी, सुट्या खुणांचा नंतर. दुसरी अडचण पहिल्या वेलांटीची. जुना फॉन्ट ती डोळ्यांना दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवतो; युनिकोड ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर साठवते. रफाराचे नेमके उलटे. म्हणजे लिपी डोळ्यांसाठी आहे की कानासाठी, हा वर्गात चर्चिला जाणारा प्रश्न येथे दोन ओळींच्या नियमात सोडवावा लागतो.

मजकूर वाचनीय झाला की मोजणी करावीशी वाटते. १९८६ साली डोनाल्ड नूथ यांनी शब्दांची वारंवारता मोजणारा एक देखणा, कित्येक पानांचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. त्याची समीक्षा करताना डग्लस मॅकिलरॉय यांनी तेच काम सहा छोट्या आज्ञा एकीला एक जोडून करून दाखवले: शब्द सुटे करा, मोठी अक्षरे लहान करा, क्रम लावा, सारखे शब्द मोजा, संख्येप्रमाणे उतरता क्रम लावा, वरचे तेवढे दाखवा. एकीचे उत्तर दुसरीकडे नेणारी ‘पाइप’ची ही सोय युनिक्समध्ये १९७३ साली मॅकिलरॉय यांच्याच आग्रहाने आली होती. मराठीसाठी यातली दुसरी पायरी लागतच नाही. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत. पहिली मात्र मुळीच चालत नाही, कारण तिच्या लेखी ए ते झेड यांखेरीज अक्षरच नसते. तिच्याऐवजी ‘ग्रेप’ला देवनागरीच्या १२८ स्थानांचा पट्टा द्यावा लागतो.

मोजणीविषयी सावधगिरीची एक गोष्ट सांगतो. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द आपल्या लेखी चार अक्षरांचा. ‘डब्ल्यूसी’ या आज्ञेला वर्ण मोजायला सांगितले तर उत्तर ११ येते, आणि बाइट मोजायला सांगितले तर ३३. कारण केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली आखलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला तीन बाइट लागतात. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. प्रश्न कोणता विचारला, एवढेच पाहायचे.

याहून फसवी बाब म्हणजे डोळ्यांना न दिसणारे पाठभेद. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो: नुक्ता असलेल्या ‘ऱ’ने, किंवा साध्या ‘र’ला हलन्त करून पुढे एक अदृश्य जोडखूण घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात; पण एक शोधला तर दुसरा सापडत नाही. ती जोडखूण देवनागरीच्या पट्ट्याबाहेरची असल्याने मोजणीत शब्दाचे दोन तुकडे होतात, ते वेगळेच. ‘ॲ’चीही तीच गत. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीचा मजकूर ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला. ही रूपे एक करून घेणे आवश्यक होते आणि त्याबद्दल कोणाचे दुमत नव्हते.

दुमत पुढे झाले. एका सहकाऱ्यांनी सुचवले, की नियम फिरतच आहेत, तर ‘पानी’चे ‘पाणी’ आणि ‘लोनी’चे ‘लोणी’ही करून टाकावे. एका ओळीचे काम होते. मी विरोध केला. पुण्याच्या आसपास न आणि ण हा केवळ उच्चाराचा भेद नाही. त्यावरून माणसाची जात आणि शाळा ओळखली जाते. ज्या बाईंनी ‘पानी’ म्हटले, त्यांच्या तोंडी आम्ही ‘पाणी’ घातले, तर संकलन कोणाचे केले? लिपीचे दोन आकार एक करणे आणि बोलीचा उच्चार बदलणे ही दोन भिन्न कामे आहेत. ‘सेड’ला मात्र दोन्ही सारखीच.

सीमारेषा नेहमी इतकी स्वच्छ नसते. काही वह्यांत ‘नांव’, ‘कांही’ असे लेखन आहे. १९६२च्या लेखननियमांनी हे अनुस्वार गेले. ते सांगणाऱ्या बाईंचे नव्हतेच, लिहून घेणाऱ्याचे होते. तरीही ते मी ठेवले. लिहून घेणाराही त्या नोंदीचा भाग आहे. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे मोठेच कार्य. पण त्याआधीचा पाठ कसा असेल, या ध्यासाने राजवाड्यांना जुनी पोथी शोधून १९०९ साली छापावी लागली. आमच्याजवळ मूळ प्रत आहे, तोवर ती राखणे एवढे तरी हाती होते.

त्यासाठीचे नियम साधे आहेत. मूळ फायलींचे दालन ‘सीएचमॉड’ने केवळ वाचण्यापुरते खुले ठेवावे. प्रयोग नकलेवर करावा. शेकडो फायलींवर आज्ञा फिरवण्यापूर्वी तिच्यापुढे ‘एको’ लावून ती काय करणार आहे, ते आधी पडद्यावर वाचावे. फायलींची नावे अवतरणचिन्हांत घालावीत, नाहीतर ‘ओव्या धानोरी’ या नावातल्या मोकळ्या जागेवर आज्ञा दुभंगते. शेवटी ‘डिफ’ने जुनी व नवी प्रत समोरासमोर ठेवून प्रत्येक फरक पाहावा. पाठचिकित्सा म्हणतात ती हीच.

सहकाऱ्यांचा आक्षेप शोधाविषयी होता, तो रास्त होता: ‘पाणी’ शोधणाऱ्याला ‘पानी’ कसे सापडावे? ‘ग्रेप’मध्ये न आणि ण चौकटी कंसात शेजारी ठेवले की दोन्ही सापडतात. मजकूर न बदलता शोध उदार करता येतो. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने पुण्यातून झालेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनात लाखाहून अधिक ओव्या आहेत. अशा सागरात बायकांची बोली जशीच्या तशी राहिली, तरच शोधाला अर्थ.

दुसरा आक्षेप मला खोडता आला नाही. तो आमच्या एका माजी विद्यार्थिनीचा. तिने आपल्या आजीच्या ओव्या दिल्या होत्या. आता ती स्वतः शिक्षिका आहे. “सर, तुम्हाला ‘पानी’ म्हणजे पुरावा. लोक मात्र आजीला हसतील,” ती म्हणाली. मी तिला फाइल वाचायला दिली आणि निर्णय तिच्यावर सोपवला. तिने ओव्यांतले अक्षरही बदलू दिले नाही. आजीचे नाव मात्र काढायला सांगितले. खुल्या प्रतीतून ते काढले. मूळ प्रत विभागाच्या कपाटात बंद आहे. आज्ञांच्या फायलीत त्या ओळीच्या वर मी टीप लिहिली: ‘येथे एक नाव होते, कुटुंबाच्या इच्छेवरून काढले.’ भाषा वाचली आणि बोलणारी अनामिक झाली. हा व्यवहार बरोबरीचा झाला असे मला अजून म्हणवत नाही.